झिंक झिजायलाच हवं: मोटर यॉटचे ॲनोड बदलताना आणि सांभाळताना

मे महिना सरत आला की गेटवे-मांडवा लाँच बंद व्हायचे वेध लागतात आणि त्याच सुमाराला मुंबई बंदरातल्या यॉटही पाण्याबाहेर निघायला लागतात. बोट क्रेनच्या पट्ट्यांत लोंबत असते, तळातून पाणी ठिबकत असतं, मालक शेवाळ बघून हळहळत असतो. मी मात्र आधी झिंक बघतो, म्हणजे बाकीचे धातू वाचावेत म्हणून बोटीला पाण्याखाली लावलेले जस्ताचे तुकडे, ज्यांना ॲनोड म्हणतात. वर्षभर पाण्याखाली काय घडलं याचा हिशेब त्या करड्या गोळ्यांवर लिहिलेला असतो. तो वाचता आला तर अर्धं काम तिथेच होतं.

हा हिशेब वाचायला मी एका बेचाळीस फुटी बोटीवर शिकलो. फायबरची, जुळ्या इंजिनांची बोट. आधीच्या मोसमात तिचं काम दुसरीकडे झालं होतं. वर काढली तेव्हा झिंक अगदी नवीकोरी, कडासुद्धा शाबूत. मालक खूश होऊन म्हणाले, "बघा, उत्तम माल मिळाला होता, वर्षभरात जरासुद्धा झिजला नाही." मी स्क्रॅपर मारला तर झिंकवर तळाच्या लाल रंगाचा हात बसलेला. मग पंख्याच्या, म्हणजे प्रोपेलरच्या, पात्यावर हातोडीच्या दांड्याने टकटक केलं. चांगल्या पंख्यातून देवळातल्या घंटेसारखा आवाज निघतो. इथे मडक्यावर वाजवल्यासारखं थप्प झालं. कडेला कानस घासली, तर आत पिवळाधमक धातू दिसण्याऐवजी तांब्याच्या जुन्या भांड्यासारखा गुलाबी रंग दिसला. पक्कडीने जरा दाबलं आणि टोकाचा तुकडा हातात आला. दोन्ही पंखे गेले. कारण एवढंच, की रंग देणाऱ्या पोराला त्या गोळ्या रंगवायच्या नसतात हे कुणी सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून बोट बघायला आलेल्या प्रत्येकाला मी एकच सांगतो. झिंक झिजलेलं दिसलं तर आनंद माना. नवं दिसलं तर घाबरा.

नेमकं काय घडतं

खारं पाणी, त्यात बुडालेले दोन वेगवेगळे धातू, आणि त्यांना जोडणारी एखादी तार किंवा नुसता स्पर्श. एवढ्यावर बॅटरी तयार होते. दोघांतला जो कमकुवत, म्हणजे ज्याचं विद्युत विभव जास्त ऋण, तो विरघळतो आणि दुसरा वाचतो. समुद्राच्या पाण्यात सिल्व्हर क्लोराइड इलेक्ट्रोड (मोजणीचा संदर्भ म्हणून वापरतात तो) धरून मोजलं तर जस्त साधारण उणे १.०३ व्होल्टवर असतं, साधं लोखंड उणे ०.६ ते ०.६५ वर आणि ब्राँझ उणे ०.२५ ते ०.३ च्या आसपास. स्टेनलेस शाफ्ट, म्हणजे पंखा फिरवणारा दांडा, शून्याच्या जवळ. म्हणजे जस्त सर्वांच्या खाली. मुद्दाम त्याचा बळी द्यायचा आणि बाकीचे वाचवायचे, इतकीच कल्पना.

पंख्याच्या बाबतीत एक मेख आहे. ज्याला बाजारात 'मँगनीज ब्राँझ' म्हणतात ते खरं तर पितळ आहे आणि त्यात सुमारे ४० टक्के जस्तच असतं. बाहेरून तुम्ही जस्त दिलं नाहीत तर पाणी पंख्याच्या आतलं जस्त ओढून काढतं. उरतो तो स्पंजासारखा तांब्याचा सांगाडा. त्या बेचाळीस फुटी बोटीवर दिसलेला गुलाबी रंग तोच. निकेल-ॲल्युमिनियम ब्राँझचे पंखे यापेक्षा पुष्कळ टिकाऊ असतात, पण झिंक त्यांनाही लागतंच.

ही युक्ती आजची नाही. हम्फ्री डेव्ही या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८२४ मध्ये ब्रिटिश आरमारासाठी जहाजांच्या तळाचा तांब्याचा पत्रा वाचवायला जस्ताचे आणि ओतीव लोखंडाचे तुकडे लावून पाहिले. ज्या जहाजांवर प्रयोग झाला त्यांतलं 'समरंग' हे आपल्या कोचीत सागवानात बांधलेलं जहाज होतं. तांबं वाचलं, पण विरघळणाऱ्या तांब्याचं विष पाण्यात जायचं थांबलं आणि तळावर शेवाळ नि शिंपले जोमाने वाढले. आरमाराने तो नाद सोडला. जास्त संरक्षण म्हणजे जास्त चांगलं, हा समज तिथेच मोडला होता. मोजमापाशी आलो की याकडे परत येईन.

एक किलो जस्त किती काळ पुरतं, याचा ढोबळ हिशेबही करून ठेवा. एका किलोतून सुमारे ७८० अँपिअर-तास मिळतात. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे एक किलो जस्त वर्षभरात संपत असेल तर सरासरी ८९ मिलिअँपिअर प्रवाह वाहतोय. आपण निम्मं झिजल्यावर बदलतो, तेव्हा धरून चालायचं ते ४५ मिलिअँपिअर. आकडा क्षुल्लक वाटतो, पण आतल्या बारा व्होल्टच्या वायरिंगमधून एक अँपिअर जरी पाण्यात गळायला लागला तर तेच एक किलो महिन्याभरात साफ होतं. झिंक अचानक गायब होण्यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

जस्त, ॲल्युमिनियम की मॅग्नेशियम

बोलताना आपण सगळ्यालाच झिंक म्हणतो, पण दुकानात तीन धातू मिळतात आणि निवड पाण्यावरून करायची.

खुल्या समुद्रात, मुंबई बंदराच्या तोंडाशी, मांडव्याला, मालवणला नांगरलेल्या बोटीला जस्त चालतं. नदीच्या पूर्ण गोड्या पाण्यात, तलावात किंवा धरणाच्या जलाशयात मॅग्नेशियम. ते खाऱ्या पाण्यात लावलं तर काही आठवड्यांत संपतं आणि संपेपर्यंत गरजेपेक्षा जास्त संरक्षण देऊन रंग फुगवतं.

खरा घोळ खाड्यांचा आहे. पणजीला मांडवीत उभी असलेली बोट घ्या. मार्च-एप्रिलमध्ये तिथे पाणी चांगलं खारट असतं, आणि पावसाळ्यात घाटावरून उतरलेलं पाणी त्या खारटपणाचं जवळजवळ नाव पुसून टाकतं. गोड्या पाण्यात जस्तावर पांढरा, घट्ट थर चढतो आणि झिंक झोपी जातं. दिवाळीला पाणी परत खारं झालं तरी तो थर आपोआप सुटत नाही. झिंक जागेवर आहे, शाबूत आहे, आणि काम शून्य. अशा बोटींना ॲल्युमिनियमचे ॲनोड लावा. हे साधं ॲल्युमिनियम नव्हे, त्यात जस्त आणि किंचित इंडियम मिसळलेलं असतं. ते मचूळ पाण्यातही जागं राहतं. एका किलोतून जस्ताच्या तिपटीहून जास्त प्रवाह देतं. आकार तोच ठेवला तर वजन निम्म्याहून कमी भरतं आणि टिकतंही थोडं जास्त. मला विचाराल तर पश्चिम किनाऱ्यावर खाडीत उभ्या राहणाऱ्या प्रत्येक बोटीला मी ॲल्युमिनियमच सुचवतो. ॲल्युमिनियमच्या आउटबोर्ड (बोटीमागे बाहेर टांगलेलं इंजिन) आणि स्टर्नड्राइव्हलाही (इंजिन आत, पंख्याचा पाय बाहेर) तेच योग्य.

फक्त एकाच बोटीवर दोन्ही मिसळू नका. आतून सगळं तारेने जोडलेलं असतं, त्यामुळे ॲल्युमिनियमचा ॲनोड जस्तालासुद्धा वाचवत बसतो आणि स्वतः लवकर संपतो.

विकत घेताना

भंगारातलं जस्त वितळवून साच्यात ओतलेली झिंक स्वस्तात मिळते. घेऊ नका. जस्तात लोखंडाचा अंश जरा वाढला की त्यावर थर बसतो आणि ते मरतं. अमेरिकन नौदलाच्या ज्या मानकाचा हवाला सगळे देतात, त्यात लोखंडाची कमाल मर्यादा ०.००५ टक्के आहे, म्हणजे लाखात पाच भाग. ओतणाऱ्याने कढईत लोखंडी पळी फिरवली तरी एवढं भरून निघेल. दुकानदाराकडे त्या लॉटचा तपासणी दाखला मागा. नसेल तर पुढचं दुकान.

प्लेटच्या आत लोखंडी पट्टी ओतलेली असावी. बोल्ट त्या पट्टीला आवळला जातो, त्यामुळे जस्त झिजलं तरी पकड राहते. पट्टी नसलेल्या प्लेटचं भोक आधी मोठं होतं आणि अर्धी प्लेट तशीच समुद्रात पडते.

शाफ्टच्या कॉलरचं, म्हणजे शाफ्टभोवती दोन भागांत बसणाऱ्या जस्ताच्या कड्याचं, माप डोळ्यांनी घेऊ नका. व्हर्निअर लावा. दीड इंची शाफ्ट ३८.१ मिलिमीटरचा असतो. त्याला ४० ची कॉलर जवळपास बसते, आणि या जवळपासमध्येच ती महिनाभरात ढिली होऊन शाफ्टवर गरगरायला लागते. मध्ये पत्र्याची चकती घालून भागवणारेही मी पाहिलेत. योग्य मापाची कॉलर मिळेपर्यंत थांबा.

कुठे कुठे असतात

बोट सुक्यावर असताना एका कागदावर तळाचं चित्र काढा आणि सापडेल ते झिंक त्यावर खुणेने मांडा. साधारण जुळ्या शाफ्टच्या मोटर यॉटवर प्रत्येक शाफ्टला एक कॉलर असते, काही पंख्यांच्या नटावर शंकूच्या आकाराची झिंक, सुकाणूच्या पात्यावर दोन्ही बाजूंनी चकत्यांची जोडी, मागच्या भिंतीवर पाण्याखाली मोठी प्लेट, ट्रिम टॅबवर (मागे बोटीचा कल सांभाळणाऱ्या पट्ट्या) एकेक, आणि बो-थ्रस्टर (बोटीचं तोंड बाजूला वळवणारा छोटा पंखा) असेल तर त्याच्या बोगद्यात एक छोटंसं. ते छोटं नव्वद टक्के लोक विसरतात, कारण तिथे डोकं घालावं लागतं. शिवाय इंजिनाच्या आतली पेन्सिल झिंक. ती बाहेरून दिसतच नाहीत, म्हणून त्यांना वेगळी जागा देतोय.

प्रत्यक्ष बदलणं

बोट टेकूंवर नीट बसली आहे याची खात्री झाल्याशिवाय तळाखाली शिरू नका. दोन्ही इंजिनांच्या किल्ल्या काढून स्वतःच्या खिशात ठेवा. तळ खरवडताना तोंडाला चांगला मास्क लावा, त्या रंगाची धूळ विषारी असते.

सामान फार लागत नाही. ॲलन की आणि पाने, स्टेनलेसचा वायर ब्रश, ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर, लाकडी ठोकळा आणि हातोडी, मल्टीमीटर, स्वयंपाकघरातला वजनकाटा. शाफ्टवर साधा लोखंडी वायर ब्रश वापरू नका. त्याचे बारीक कण स्टेनलेसमध्ये रुततात आणि पहिल्या महिन्यात गंज दाखवतात.

जुनी झिंक काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा, जवळून, प्रत्येकाचा. मग बोल्ट सोडा. ॲलनच्या खाचेत बार्नेकल (चिकटून वाढणारे कडक शिंपले) आणि रंग भरलेला असतो, तो सुईने किंवा बारीक पेचकसाने आधी पूर्ण कोरून काढा. अर्धवट बसलेल्या कीने जोर लावला की खाच गोल होते आणि मग ग्राइंडर काढावा लागतो. कॉलरचे दोन भाग सुटत नसतील तर मधल्या फटीत छिन्नी ठेवून हलका ठोका द्या. शाफ्टवर घाव बसू देऊ नका.

काढलेली झिंक धुवा, पांढरी पूड झटका, वजन करा. नवी होती तेव्हाचं वजन वहीत असेल तर झीज किती ते ग्रॅममध्ये कळतं. डोळ्यांचा अंदाज इथे हमखास फसतो, कारण झिंक बाहेरून आकार राखत आतून पोखरली जाते. निम्मं वजन गेलं असेल तर बदलायचं. चाळीस टक्के गेलं असेल आणि पुढचं वर्षभर बोट पाण्यात राहणार असेल, तरी बदलायचं. झिंकच्या किमतीवर वाचवलेले पैसे पंख्यावर घालवण्यात अर्थ नाही.

आता या सगळ्या कामातली सर्वांत महत्त्वाची पाच मिनिटं. झिंक जिथे बसणार ती जागा चकचकीत उघड्या धातूपर्यंत घासा. रंगाचा, तेलाचा, जुन्या पांढऱ्या चुन्याचा कणही नको. कॉलरच्या आतल्या बाजूलाही एक हात पॉलिश पेपर मारा. ग्रीस लावायची सवय अनेक जुन्या मिस्त्रींना असते, 'पुढच्या वेळी सहज सुटतं' म्हणून. बोल्टच्या आट्यांवर हवं ते लावा, पण झिंक आणि शाफ्टच्या मध्ये काही नको. सगळं काम त्या स्पर्शावर चालतं.

कॉलर बसवताना शाफ्ट ब्रॅकेटच्या (तळाखाली शाफ्टला धरणाऱ्या आधाराच्या) बेअरिंगला चिकटवू नका. निदान इंचभर, २५ मिलिमीटर, जागा सोडा. त्या बेअरिंगचं रबर समोरून येणाऱ्या पाण्याने थंड राहतं. तोंडाशी कॉलर बसवली तर पाणी अडतं आणि बेअरिंग जळतं. दोन्ही बोल्ट आळीपाळीने आवळा. मग लाकडी ठोकळा ठेवून कॉलरला चारी बाजूंनी ठोका आणि पुन्हा आवळा. पाव फेरा तरी अजून फिरतो, दर वेळी. पुन्हा ठोका, पुन्हा आवळा. की हलायची थांबली की झालं. आट्यांना थ्रेड लॉकरचा एक थेंब दिला तर चांगलं.

मागच्या प्लेटला नवे ३१६ स्टेनलेसचे नट आणि वॉशर वापरा. सुकाणूच्या चकत्या आरपार एकाच बोल्टने धरलेल्या असतात, तिथे दोन्ही बाजूंचा रंग घासायला विसरू नका. पंख्याच्या नटावरच्या शंकूचा मधला स्क्रू मात्र जपून आवळा, तो लहान असतो आणि तुटला तर ड्रिलने काढावा लागतो.

रंगारी यायच्या आत प्रत्येक झिंकवर कागदी टेप गुंडाळा. आणि बोट पाण्यात सोडायच्या सकाळी ती टेप स्वतःच्या हाताने काढा. टेपांची संख्या वहीत लिहिलेली असावी, काढलेल्या तुकड्यांशी जुळवून बघा.

इंजिनाच्या पोटातली पेन्सिल

समुद्राच्या पाण्याने थंड होणाऱ्या बऱ्याच इंजिनांच्या हीट एक्स्चेंजरमध्ये (इंजिनाची उष्णता समुद्राच्या पाण्याला देणारा नळ्यांचा डबा), गिअर ऑइल कूलरमध्ये, कधी आफ्टरकूलरमध्ये पितळी बुचाला लावलेली जस्ताची कांडी असते. काही इंजिनांना ती नसतेच. किती आणि कुठे, हे मॅन्युअलमध्ये पाहूनच ठरवा. इथे पाणी गरम आणि सतत वाहतं असतं, त्यामुळे झीज बाहेरच्यापेक्षा वेगाने होते. आपल्या पाण्यात मी दर तीन महिन्यांनी एक तरी कांडी काढून बघतो.

इंजिन गार झाल्यावर आधी सी-कॉक, म्हणजे समुद्राचं पाणी आत घेणारा तळाचा कॉक, बंद करा. बुचाखाली डबा धरून बूच सोडा. कांडी शिसपेन्सिलच्या टोकासारखी निमुळती झालेली असली तर सगळं ठीक चाललंय. बुचाला कांडीच नसली तर दोन शक्यता. ती पूर्ण विरघळली, किंवा तुटून आत पडली. आत पडलेले तुकडे नळ्यांची तोंडं बंद करतात आणि एक दिवस मांडव्याच्या अर्ध्या वाटेवर टेंपरेचर चढायला लागतं. शंका असेल तर एक्स्चेंजरचं टोकाचं झाकण उघडा, टॉर्च मारा, तुकडे चिमट्याने काढा. झाकणाचा गॅसकेट आधीच आणून ठेवा.

बुचाच्या आट्या ब्रशने साफ करा. नवी कांडी बुचात घट्ट फिरवा. आत समोरच्या भिंतीला टेकत असेल तर टोक थोडं कापा. बुचाला टेफ्लॉन टेपचे वेढे देऊ नका, धातूला धातू भिडला पाहिजे. सी-कॉक उघडा, इंजिन सुरू करा, पाच मिनिटांनी बुचाभोवती बोट फिरवून ओल बघा. सी-कॉक उघडायला विसरणारे मला माहीत आहेत. त्यांतला एक मी.

तारांचा भाग

मागच्या भिंतीवरची प्लेट सुकाणूला किंवा सी-कॉकला वाचवते ती आतल्या हिरव्या तारेच्या बळावर. बोटीच्या आत शाफ्ट, सुकाणूचे दांडे, ब्रॅकेट, सी-कॉक हे सगळं जाड हिरव्या तारेने एकत्र जोडून प्लेटच्या बोल्टला आणलेलं असतं. ही तार बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाशी पाणी साचतं त्या पोकळीत, खाऱ्या ओलीत जगते. टोकं हिरवी पडून गळून जातात आणि वर्षानुवर्षं कुणी बघत नाही.

बोट सुक्यावर असतानाच मल्टीमीटर ओहमवर लावा. आधी दोन्ही लीड एकमेकांना टेकवून त्यांचा स्वतःचा आकडा लिहून घ्या, समजा ०.३. मग एक लीड प्लेटवर आणि दुसरी सुकाणूवर. लांबच्या टोकाला पोचायला जोडतार लागेल, तिचाही आकडा वजा करायचा. उरलेला आकडा एक ओहमच्या आत हवा. जास्त आला तर जोड उघडून, घासून, नवी टिन केलेली लग लावून पुन्हा मोजा.

शाफ्टचं प्रकरण थोडं फसवं आहे. इंजिन आणि शाफ्टच्या मध्ये रबरी कपलिंग असेल तर वीज आरपार जात नाही. गिअरबॉक्समधल्या तेलाच्या थराचाही भरवसा नाही. म्हणून शाफ्टवर टेकून राहणारा एक स्प्रिंगचा ब्रश बसवतात आणि तो हिरव्या तारेला जोडतात. ब्रशखालचा शाफ्टचा पट्टा दर महिन्याला पुसा. एका शाफ्टची कॉलर खूप झिजली आणि दुसऱ्याची जेमतेम, तर मी आधी हे दोन ब्रश तपासतो.

पाण्यात उतरल्यावर मोजणं

झिंक बसवली म्हणजे ती काम करतेय असं नाही. सिल्व्हर क्लोराइडचा संदर्भ इलेक्ट्रोड एकदा विकत घ्या. बोटीच्या मध्यावर कडेवरून तो पाण्यात सोडा, मीटर डीसी व्होल्टवर, काळी लीड इलेक्ट्रोडला, लाल लीड आतल्या हिरव्या तारेच्या बसबारला (तारा जिथे एकत्र येतात त्या पट्टीला). आकडा उणे येईल.

फायबरच्या बोटीवर ब्राँझ आणि स्टेनलेससाठी उणे ०.५५ ते उणे १.१ च्या दरम्यान कुठेही असला तरी तुम्ही सुरक्षित. लोखंडी तळाला उणे ०.८५ ते १.१ हवं, ॲल्युमिनियमच्या तळाला उणे ०.९५ ते १.१. लाकडी बोटीला मात्र उणे ०.५५ ते ०.६ एवढाच चिंचोळा पट्टा. त्याच्या पलीकडे गेलात तर सी-कॉक आणि बोल्टांभोवती क्षार तयार होतो आणि लाकूड कापसासारखं पिंजून निघतं. लाकडी होडीला भरपूर झिंक ठोकून वर तारांनी सगळं जोडून ठेवणारे हौशी लोक आहेत. धातू अगदी नवा राहतो, ज्यात तो ठोकलाय ते लाकूड जातं. डेव्हीच्या जहाजांची हीच गोष्ट, वेगळ्या वेशात.

आता गळतीची चाचणी. बॅटरीचे सगळे स्विच बंद करून आकडा लिहा. मग एकेक सर्किट चालू करत जा: बिल्ज पंप, नांगरदिवा, फ्रिज, इन्व्हर्टर. एखादं चालू केल्याबरोबर आकडा तीस-चाळीस मिलिव्होल्टने शून्याकडे सरकला, तर चोर सापडला. माझ्या अनुभवात दहांतली सात प्रकरणं बिल्ज पंपाची. त्याची तार स्विचमधून न जाता थेट बॅटरीवर असते, आणि जोड नेमका बिल्जच्या पाण्यात पडलेला असतो. जोड वर उचला, गोंद असलेली उष्णतेने आकसणारी नळी चढवा.

आपल्याकडच्या बहुतेक यॉट मूरिंगवर, म्हणजे पाण्यातल्या बोयाला बांधून, उभ्या राहतात, म्हणून किनाऱ्याच्या विजेचा त्रास फारसा माहीत नसतो. कोचीच्या बोलगट्टी मरीनात किंवा दुबईत धक्क्याला बोट लावून प्लग खोचलात की चित्र बदलतं. अर्थिंगच्या तारेतून तुमची बोट शेजारच्या सगळ्या बोटींना जोडली जाते. शेजाऱ्याने झिंक बदलली नसेल तर तुमची झिंक त्याचे पंखे वाचवत बसते. यावर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर लावतात. तो अर्थिंग शाबूत ठेवून एखाद-सव्वा व्होल्टपर्यंतचा डीसी प्रवाह अडवतो. अर्थिंगची तारच तोडून टाकण्याचा 'उपाय' कुणी सुचवला तर ऐकू नका, त्यात माणूस मरतो.

झीज वाचताना

सर्वत्र सारखी, खडबडीत, करडी, वर सहज झडणारी पांढरी पूड: सुखाने झोपा. काहीच झीज नाही: रंग, ग्रीस, तुटलेली तार किंवा खराब जस्त. पांढरा कडक थर: गोड्या पाण्याने झोपलेलं झिंक, वायर ब्रशने घासून जागं करता येतं, पण पुढच्या वेळी ॲल्युमिनियम आणा. दोन महिन्यांत साफ: आधी वायरिंग तपासा. त्याशिवाय दुप्पट झिंक लावणं म्हणजे गळक्या माठात पाणी भरणं.

मोसमात मध्येच बदलायची वेळ आली तर बोट वर काढायची गरज नाही, पाणबुड्या कॉलर आणि प्लेट बदलून देतो. मुंबई बंदरात पाण्याखाली स्वतःचा हात दिसत नाही, सगळं चाचपून करावं लागतं. म्हणून भांगाच्या दिवशी, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असतो तेव्हा, ओहोटी संपून पाणी थांबतं ती वेळ निवडा. उधाणाला प्रवाह माणसाला उभं राहू देत नाही. पाणबुड्याला देण्याआधी नव्या कॉलरचे बोल्ट वरच सैल करून ठेवा, ॲलन कीला दोरी बांधा, आणि किल्ल्या इथेही तुमच्याच खिशात.

बोट पाण्यात सोडल्यावर दुसऱ्या दिवशी एकदा मोजा, महिन्याने परत. पहिल्या महिन्यात पाणबुड्याला एवढंच विचारायचं, की झिंक हाताला गुळगुळीत लागली की खरखरीत. खरखरीत म्हणाला की वहीत तारीख टाकायची.